सभासदांपुरतं

बीफचा पहिला काप बाबांच्या ताटात पडायच्या आत ग्रॅहमने क्लबचा विषय काढला, तेव्हाच गिलियनने ओळखलं, हा घरून ठरवून आलाय.

"बाबा, ह्या वर्षी ती वर्गणी भरू नका."

"कुठली वर्गणी?" विल्फ हॅलमनी ग्रेव्हीचं भांडं पुढे ओढलं.

"कॅरॅव्हान क्लबची. कुठली म्हणजे काय!"

विल्फनी बीफबरोबरच्या खाऱ्या पुडिंगवर सावकाश ग्रेव्ही ओतली. रॉदरहॅमच्या त्या बैठ्या घरात रविवारचं जेवण ऑड्री गेल्यानंतरही चुकलं नव्हतं. मुलगा आणि मुलगी आपापल्या घरून यायची आणि समोरच्या घरातली म्युरिएलमावशी रस्ता ओलांडून यायची. ऑड्री गेल्याला हा दुसरा उन्हाळा. तिच्या खुर्चीत आता मावशी बसे. तिला कुणी तिथे बस म्हटलं नव्हतं आणि ऊठ म्हणायचं धाडसही कुणाला झालं नव्हतं. गिलियनला दर रविवारी ते खटकायचं.

"भरायची कशाला, सांगा ना," ग्रॅहम हटला नाही. "कॅरॅव्हान लावायच्या क्लबच्या मोठ्या जागा आता बाहेरच्यांनाही मिळतात, थोडे जास्त द्यायचे इतकंच. शनिवार-रविवार हवा तर नाताळ संपायच्या आत सगळं भरलेलं. त्यापेक्षा फोनवर चार बटणं दाबली की कुठल्याही कुरणात स्वस्तात उभं राहता येतं. फेरीबोटीवर सवलत म्हणाल, तर आई गेल्यापासून तुम्ही फेरी पाहिलीत तरी का? आणि ते मासिक? प्लास्टिकमधून बाहेरसुद्धा काढत नाही तुम्ही."

"संडास स्वच्छ असतात," विल्फ म्हणाले.

"संडासासाठी वर्षाची वर्गणी?"

"तू माझ्या वयाचा झालास की कळेल."

गिलियन हसली आणि बाबांच्या बाजूने सरसावली. तिला क्लबचं फारसं प्रेम होतं असं नाही. लहानपणी दर सुट्टीत गाडीमागे ओढायच्या त्या चाकांवरच्या डब्यात ओल्या बुटांच्या वासात पत्ते कुटून तिला वीट आला होता. पण ग्रॅहम इतक्या घाईवर का आलाय, हे तिला कळत नव्हतं आणि जे कळत नाही त्याच्या आडवं उभं राहायचं, हे ती आईकडून शिकली होती. मागच्याच आठवड्यात तिने त्याला आवारात उभ्या कॅरॅव्हानचे चारही बाजूंनी फोटो काढताना पाहिलं होतं. विचारलं तर "सहज" म्हणाला होता.

"एकटा माणूस आहे, ग्रॅहम. क्लबच्या जागेवर निदान वॉर्डन असतो. काही झालं तर कुणीतरी दार ठोठावेल. परक्याच्या कुरणात कोण बघणार?"

"बघ," विल्फ म्हणाले. "पोरीला अक्कल आहे. आमच्या म्हाताऱ्याने कोळशाच्या खोलीत प्लायवूड ठोकून पहिली कॅरॅव्हान केली, तेव्हापासून ह्या घरात सभासदत्व आहे. मी मरेपर्यंत राहणार. बटाटे दे इकडे."

विषय तिथेच मिटला असता. पण मावशीने काटा खाली ठेवला.

"पण विल्फ, वॉर्डन असलेल्या जागी तू जातोसच कुठे?" तिचा आवाज अगदी साधा होता. "दर महिन्याला तू त्या एकाच ठिकाणी जातोस. समुद्राकडच्या त्या शेतावर. तिथे वॉर्डन नाही. संडाससुद्धा नाही. तूच सांगितलं होतंस."

विल्फची सुरी थांबली. ते खोटं बोलायला लागले की त्यांचे कान आधी लाल व्हायचे. हे सगळ्या घराला ठाऊक होतं, फक्त त्यांना नव्हतं.

"नळ आहे," ते म्हणाले. "आणि शांतता आहे."

कान बीटसारखे झाले होते.

*

"बाई आहे," ग्रॅहम भांडी विसळता विसळता म्हणाला. बाहेरच्या खोलीत विल्फ टीव्हीसमोर डुलक्या घेत होते.

"कसली बाई? ऐंशीला आले ते."

"म्हणून काय झालं? तिथे पोचले की फोन बंद. निघताना दोन घडीच्या खुर्च्या नेतात. एकटा माणूस दोन खुर्च्यांवर बसतो का?"

"एकीवर पाय ठेवत असतील."

"ठेव, तू विश्वास ठेव."

गिलियनने फडकं आपटलं. "आणि तू फोटो कशाचे काढत होतास रे? गिऱ्हाईक बघितलंयस ना कॅरॅव्हानला?"

ग्रॅहमने नळ जरा जास्तच मोठा सोडला. "तुझं आपलं काहीतरीच."

मागच्या दारातून मावशी आत आली. "कॅरॅव्हानच्या खिडक्यांचे पडदे धुवायचे म्हणत होतीस ना, जिल? चल, काढून घेऊ. तो झोपलाय तोवर."

तिघंही आवारात गेली. पडद्यांसाठी तिघं कशाला लागतात, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

आत सगळं जिथल्या तिथे होतं. ऑड्रीने शिवलेल्या उशा, चहाच्या पिशव्यांचा डबा, नकाशे. मग गिलियनने शेगडीवरचं कपाट उघडलं आणि ती बघतच राहिली. कपाटात सार्डिन माशांचे डबे होते. खालून वरपर्यंत रचलेले.

"बाबा आणि मासे?" ती म्हणाली.

विल्फ माशाच्या वासानेच खिडक्या उघडायचे. आख्ख्या जन्मात त्यांनी मासा तोंडाला लावला नव्हता.

"म्हटलं नव्हतं मी?" ग्रॅहमला आनंद लपवता येईना. "मासे खाणारी बाई आहे."

मावशीने हात लांबवून एक डबा घेतला. चष्मा वर करून त्यावरचं चित्र पाहिलं.

"टोमॅटोतल्या," ती म्हणाली.

ती बाकावर टेकली. डबा तिने मांडीवर धरून ठेवला होता, एखाद्याने हातात दिलेलं परकं मूल धरावं तसा. मग उठली आणि तो होता तिथे, होता तसा ठेवला. चेहरा पार उतरला होता, पण आवाजात काही नव्हतं.

"पुढच्या वेळी तो गेला की आपण मागोमाग जाऊ."

"आपण?" ग्रॅहम म्हणाला.

"मी येणार. पुढच्या सीटवर बसेन. मागे मला मळमळतं."

पडदे काढायचे राहूनच गेले.

*

सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी तिघं निघाली. विल्फ आदल्या दिवशीच कॅरॅव्हान जोडून गेले होते. जाताना त्यांनी गिलियनच्या गालाचा मुका घेतला होता आणि तिला चोरासारखं वाटलं होतं.

गूल गाव मागे पडल्यावर पेट्रोल भरायला गाडी थांबली. मावशी आत गेली आणि दोघं भावंडं गाडीपाशी उभी राहिली.

"आता तरी खरं सांग," गिलियन म्हणाली. "कॅरॅव्हान विकून बाबांना तुझ्याकडे नेऊन ठेवायचंय ना तुला? आणि मग घर?"

ग्रॅहम तिच्याकडे बघत राहिला. त्याला लागलं होतं हे दिसत होतं.

"मे महिन्यात ते मोटारवेवर एका ट्रकच्या पुढे घुसले, जिल. कॅरॅव्हान सापासारखी सळसळायला लागली. माझ्या ऑफिसातला एकजण मागच्या गाडीत होता. त्याने क्लबचा बिल्ला ओळखला, गाडीची नंबरपाटी ओळखली. मला म्हणाला, तुझे वडील थोडक्यात वाचले. त्यांना विचारलं तर म्हणाले, वारा होता." त्याने पेट्रोलची नळी जागेवर अडकवली. "ते शेत क्लबचं. वर्गणी गेली की शेत गेलं. शेत गेलं की ओढणं गेलं, एवढंच माझं गणित. गिऱ्हाईक बघितलंय, हो. तोंडावर म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून फेरीबोटी आणि मासिकाच्या गोष्टी केल्या."

ह्या महिनाभरात गिलियनने मनातल्या मनात त्याला लुटारू ठरवून टाकलं होतं.

"मला सांगायचंस ना."

"तू लगेच त्यांना सांगितलं असतंस." त्याने दुकानाच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मला खरी काळजी हिची वाटते. आईच्या खुर्चीत बसते. बाबांचे शर्ट इस्त्री करते. तिथे कुणी बाई निघाली तर सगळ्यात जास्त कोण जळणार?"

गिलियनला ते पटलं, आणि पटलं म्हणून तिचा स्वतःवरच राग आला.

म्युरिएल त्यांची सख्खी मावशी, आणि एके काळी काकूसुद्धा. दोन हॅलम भावांनी दोन बहिणी केल्या होत्या. विल्फने ऑड्री आणि धाकट्या डेरिकने म्युरिएल. दोन्ही जोडपी दोन कॅरॅव्हान घेऊन क्लबच्या मेळाव्यांना जोडीने जायची. मग एका उन्हाळ्यात, डोंगरातल्या अशाच एका मेळाव्यात, म्युरिएल पिंप घेऊन नळावर पाणी भरायला गेली. परत आली तर डेरिक नव्हता. गाडी नव्हती. कॅरॅव्हान तेवढी उभी होती, एकटी, गवतात, ओढायला काही नाही. शंभर कुटुंबं बघत होती. डेरिक पॉलीन नावाच्या एका बाईकडे निघून गेला होता. विल्फने दुसऱ्या दिवशी जाऊन म्युरिएलला आणि तिच्या कॅरॅव्हानला घरी ओढून आणलं. ऑड्रीने बहिणीला मिठीत घेऊन शपथ घेतली: त्या माणसाशी मी जन्मात बोलणार नाही आणि माझ्या छपराखाली तो पाऊल टाकणार नाही. मुलांना बजावलं गेलं, आजपासून ही काकू नाही, फक्त मावशी. डेरिककाकाचं नाव त्या दिवसापासून घरात निघालं नव्हतं.

मावशी दुकानातून आली. तिने ओठांना थोडी लिपस्टिक लावली होती. गिलियन आणि ग्रॅहमने एकमेकांकडे पाहिलं.

*

शेत अगदी जमिनीच्या टोकाला होतं. त्या बाजूचा किनारा दर हिवाळ्यात थोडा थोडा समुद्रात कोसळतो. डांबरी रस्ता मध्येच तुटून हवेत संपला होता आणि पुढे नुसती करडी लाट. फाटकावर क्लबची छोटी पाटी होती: पाच कॅरॅव्हान, फक्त सभासदांसाठी.

फाटकापाशी रबरी बूट घातलेली मालकीण कोंबड्यांना दाणे टाकत होती. तिने गाडीत डोकावून पाहिलं.

"सभासद आहात?"

"नाही," ग्रॅहम म्हणाला. "म्हणजे होतो. सोडलं."

"का बरं?"

"परवडेना. म्हणजे... तसा उपयोग नव्हता."

"मग आत गाडी घेता यायची नाही. मी नियम मोडला तर माझी पाटी जाईल." बाई चिडली नव्हती, पण हललीही नाही. "कुणाला भेटायचंय?"

"मिस्टर हॅलमना."

"कुठल्या हॅलमना?" बाई म्हणाली. "दोघे आहेत."

ग्रॅहम गोंधळून गिलियनकडे वळला. गिलियन मात्र मावशीकडे बघत होती. मावशी समोर, काचेतून पलीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता.

"तुला माहीत होतं," गिलियन म्हणाली.

"सार्डिन पाहिल्या तेव्हा कळलं." मावशीने पट्टा सोडला. "टोमॅटोतल्या. डब्यातूनच खायचा. मी बशीत काढून दिल्या तर म्हणायचा, चव जाते." तिने दार उघडलं. "मालकीणबाई, पायी गेलं तर चालतं ना?"

"पायी कुणीही जावं," बाई म्हणाली. "अंगणात कुत्रा आहे, त्याच्याकडे बघू नका."

*

कुरणाच्या पार टोकाला, कुंपणाला लागून दोन कॅरॅव्हान उभ्या होत्या. एक बाबांची. दुसरी लहान, जुनी, छपराला शेवाळ धरलेली. मध्ये गवतात त्या दोन घडीच्या खुर्च्या. एकीवर एक वाळलेला म्हातारा बसला होता, गळ्याभोवती टॉवेल, तोंडभर साबणाचा फेस. विल्फ त्याच्यावर वाकून त्याची दाढी करत होते. म्हाताऱ्याचा उजवा हात मांडीवर सारखा थरथरत होता, जणू कुणी आतून दार ठोठावतंय. विल्फनी त्यावर आपला डावा हात दाबून ठेवला होता आणि उजव्या हाताने वस्तरा फिरवत ते काहीतरी पुटपुटत होते. दोघंही हसत होते.

विल्फनी मान वर केली. वस्तरा हवेतच राहिला.

"अरे देवा," ते म्हणाले.

डेरिकने डोळे उघडले. त्याने आधी पोरांना पाहिलं, मग म्युरिएलला. उठायची धडपड केली, पण विल्फनी त्याला खांदा धरून खाली बसवलं.

"बसून राहा, पडशील."

ग्रॅहमला राहवलं नाही.

"हे कधीपासून चाललंय, बाबा?"

"पॉलीन गेल्यापासून." विल्फ वस्तरा पुसू लागले, पुसायची गरज नसताना. "गूलमध्ये जिन्याच्या वरची एक खोली आहे ह्याची. खाली उतरायला कुणीतरी लागतं. मी येताना ह्याला घेतो. ही कॅरॅव्हान इथेच गोठ्यात असते, मालकीणबाई ट्रॅक्टरने काढून ठेवतात."

"मग चहाच्या दुकानात भेटायचं! एवढं ओढून आणायची काय गरज? मे महिन्यात मरणार होतात तुम्ही!"

"चहाच्या दुकानात," विल्फ म्हणाले, "ह्याच्या हातातून सूप सांडलं की माणसं माना वळवतात. घरी आणायचं तर तुझ्या आईने म्युरिएलला दिलेला शब्द आहे. ह्याच्याकडे जायचं तर रोज समोरून म्युरिएल विचारते, कुठे निघालास. सगळ्या जगात मला न विचारता जाऊ देणारी एवढीच जागा होती. पाच कॅरॅव्हान. ज्याला त्याला येता येत नाही. तू विचारत होतास ना, वर्गणी भरून काय मिळतं? हे मिळतं."

"आणि दोन कॅरॅव्हान कशाला?" गिलियनने विचारलं. "एकीत मावला असतात दोघं."

विल्फचे कान पुन्हा लाल झाले. उत्तर दिलं डेरिकने. त्याचं बोलणं जड आणि संथ झालं होतं.

"ऑड्रीचं छप्पर आहे ते. मी तिथे पाऊल टाकत नाही."

"ऑड्रीला काय ठाऊक!" म्युरिएल पहिल्यांदा बोलली. "ऑड्री असती तर तुझं..."

ती थांबली. कारण विल्फ जमिनीकडे बघत होते. बाबांचा हा चेहरा गिलियनने पूर्वी एकदाच पाहिला होता, दवाखान्याच्या बाकावर.

"विल्फ," म्युरिएल म्हणाली. "ऑड्रीला ठाऊक होतं?"

"ती यायची माझ्याबरोबर."

"इथे?"

"इथे. ह्या बाजूचे पडदे ओढून आत बसायची. विणायची. ह्याच्याशी एक अक्षर बोलली नाही, म्युरिएल, शेवटपर्यंत नाही. तुला दिलेला शब्द पाळला तिने. फक्त चार वाजता पडदा जरा बाजूला व्हायचा आणि खिडकीतून दोन कप चहा बाहेर यायचे."

"दोन."

"दोन. पहिल्यांदा आले तेव्हा मी पण बघतच राहिलो. ह्याला साखर किती लागते ते तिला आठवत होतं."

म्युरिएलने कॅरॅव्हानच्या त्या खिडकीकडे पाहिलं. गिलियनला वाटलं, आता ही किंचाळेल. एवढी वर्षं ती एकटी नव्हती, तिची बहीण तिच्या बाजूला उभी होती. तेवढ्या एका गोष्टीवर तिने उरलेलं आयुष्य उभं केलं होतं. आणि ती बहीण इथे येऊन खिडकीतून कप देत होती. आदल्या दिवशी समोरच्या घरी जाऊन, म्युरिएल, आम्ही जरा दोन दिवस समुद्रावर जातोय, असं सांगून.

"मला म्हणायची, वारा फार असतो तिथे, तुला सोसायचा नाही," म्युरिएल म्हणाली. "मी तिला मोजे विणून दिले होते इथे यायला."

समुद्राचा आवाज येत होता आणि लांबून कोंबड्यांचा.

"पडद्याआडून चहा द्यायचा," ती म्हणाली, "ह्याला शब्द पाळणं म्हणतात का, विल्फ?"

"मला नाही ठाऊक. तिलाही नव्हतं. त्यावरनं रडायची."

डेरिकच्या गालावरचा फेस वाळून तडकायला लागला होता. एकच गाल झाला होता. म्युरिएल गवतातून पुढे गेली आणि तिने विल्फच्या हातातून वस्तरा घेतला.

"मावशी!" ग्रॅहम ओरडला.

"गप रे."

तिने ब्रश पाण्यात बुडवून गालावर पुन्हा फेस केला. डेरिकची हनुवटी दोन बोटांत धरून वर उचलली. म्हाताऱ्याचा गळा उघडा पडला, कोंबडीच्या मानेसारखा. बाबा पुढे सरकले आणि थांबले.

"हलू नकोस," म्युरिएल म्हणाली.

"मी नाही गं हलत. हात हलतो."

"घाबरलास?"

"हो."

"बरं झालं."

तिने वस्तरा कानाखालून खाली आणला. नीट, घाई न करता. फेस बोटाने निपटून बाजूला टाकला. पुन्हा एक पट्टा. तिचा हात अगदी स्थिर होता.

"मी पाणी आणायला गेले होते," ती म्हणाली. दुसरं कुणी तिथे नसावं तशी. "नळ काही लांब नव्हता. मी परत येईपर्यंत थांबायला काय झालं होतं तुला? तोंडावर सांगून गेला असतास. मी अडवलं नसतं."

डेरिकच्या डोळ्यांतून पाणी येऊन फेसात मिसळलं.

"थांबलो असतो तर गेलो नसतो," तो म्हणाला.

वस्तरा गळ्यावरच थांबला. म्युरिएल त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, गणित बरोबर आहे का बघावं तशी. ह्या उत्तराची तिने वाट पाहिली होती की आणखी कुठल्या, ते गिलियनला कधीच कळलं नाही. मग मावशीने शेवटचा पट्टा ओढला, टॉवेलच्या टोकाने त्याचा गाल पुसला, कानामागचं पुसलं, आणि वस्तरा मिटून विल्फच्या हातात दिला.

"झालं," ती म्हणाली आणि फाटकाच्या दिशेने चालू लागली.

डेरिकने तिला हाक मारायला तोंड उघडलं. विल्फनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याने ते मिटलं.

ग्रॅहम अजून तिथेच उभा होता. त्याने त्या लहान, शेवाळलेल्या कॅरॅव्हानकडे पाहिलं, मग बाबांच्या गाडीला कॅरॅव्हान जोडायच्या कडीकडे.

"उद्या परत जाताना तुम्ही ओढायचं नाही," तो म्हणाला. "ह्या दोघींना सोडतो आणि मी बसने येतो. मी ओढतो. आणि पुढच्या वेळेपासूनही मीच."

"तू सभासद नाहीस," विल्फ म्हणाले.

"होईन," ग्रॅहम दातओठ खात म्हणाला. "होईन म्हटलं ना!"

*

गाडी परतीच्या वाटेला लागली. सपाट शेतं मागे पडत होती. मावशी पुढच्या सीटवर ताठ बसली होती. लिपस्टिक कधी पुसली गेली, ते गिलियनला कळलं नव्हतं. आता तिला मावशीचा संशय येत नव्हता, पण खात्रीही वाटत नव्हती. रविवारी ही जेवायला येईल का? आईच्या खुर्चीत बसेल का? की रस्ता ओलांडायचंच बंद करेल? आणि आई? आईबद्दल आणखी काय काय आपल्याला ठाऊक नव्हतं? त्या ओढलेल्या पडद्याआड बसून विणणारी बाई तिच्या ओळखीची नव्हती.

"मावशी," ग्रॅहम हळूच म्हणाला, "तुला नको असेल तर बाबांना मी..."

"भरू दे त्याला वर्गणी," मावशी म्हणाली. "भाऊ आहे त्याचा."

थोडं पुढे गेल्यावर तिने आणखी एक वाक्य टाकलं.

"मला मात्र पुन्हा तिकडे नेऊ नका."

मग तिने बटण दाबून शेजारची काच पूर्ण खाली घेतली. थंड वारा सगळ्या गाडीत भरला. ग्रॅहम काच वर कर म्हणायला वळला, तेवढ्यात गिलियनने मागून त्याच्या खांद्याला हात लावला. मावशीच्या बोटांच्या बेचक्यांत साबणाचा फेस सुकून पांढरा झाला होता. तिने तो पुसला नव्हता. बाही कोपरापर्यंत सारून तिने हात खिडकीबाहेर धरला, बोटं पसरून, आणि हल शहराची घरं दिसू लागेपर्यंत तो तसाच वाऱ्यात धरून ठेवला.